जुळारी, डिंक आणि खिडकी

मिरजेत १८०५ साली भगवद्गीता छापली गेली, ती तांब्याच्या पत्र्यांवरून. पुण्याच्या दरबारातला इंग्रजांचा रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या उत्तेजनाने एका तांबटाने नागरी अक्षरे पत्र्यावर उलटी कोरायची कला साधली होती, आणि गीतेच्या छापील प्रती काढाव्यात असे नाना फडणविसांच्या मनात होते. मार्च १८०० मध्ये नाना गेले आणि काम रखडले. पुढे मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांनी त्या तांबटाला आश्रय दिला, तेव्हा ते तडीस गेले. अ. का. प्रियोळकरांनी भारतातल्या मुद्रणावरच्या आपल्या १९५८ च्या ग्रंथात ही हकीकत दिली आहे.

पत्र्यावर कोरायचे म्हणजे अख्खे पान आधी डोळ्यांपुढे आणायचे, तेही आरशात दिसावे तसे. ओळ कुठे संपणार, समास किती सोडायचा, श्लोकाचा आकडा कुठे बसणार, हे हत्यार पत्र्याला लागण्यापूर्वीच ठरलेले हवे. कोरलेले अक्षर मग हलत नाही. एखादा शब्द राहून गेल्याचे नंतर ध्यानात आले तरी त्याला जागा करून देण्यासाठी शेजारचे शब्द सरकत नाहीत. पत्रा नवा घ्यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

गंमत अशी की, त्याच १८०५ मध्ये तिकडे बंगालात सेरामपूरला विल्यम केरीचे मराठी व्याकरण छापून निघाले, आणि त्यातली नागरी अक्षरे सुट्या खिळ्यांची होती. एक पान छापून झाले की खिळे सोडवायचे, धुवायचे, आपापल्या घरात टाकायचे आणि दुसऱ्या पानाला वापरायचे. एका वर्षी, एकाच लिपीत, दोन तऱ्हांची पाने तयार झाली. मिरजेच्या पानात अक्षराची जागा कायमची ठरलेली होती. सेरामपूरला ती जुळवताना ठरत होती.

छापखान्याच्या इतिहासात हा वाद अखेर खिळ्यांच्या बाजूने निकालात निघाला. संगणकाच्या पडद्यावर मात्र तोच वाद जवळपास दोनशे वर्षांनी नव्याने उभा राहिला. प्रोग्रॅमची खिडकी उघडते तेव्हा तिच्यातली बटणे, रकाने आणि याद्या कुठे बसायच्या? प्रोग्रॅमरने आकड्यांत कोरून ठेवायचे, की खिडकीचा आकार पाहून कुणीतरी ऐन वेळी जुळवायचे? या जुळवणाऱ्याला जावा भाषेने ‘लेआउट मॅनेजर’ म्हटले. सांगली-साताऱ्याकडच्या कॉलेजांतून मुलांनी त्याच्यावर प्रॅक्टिकलच्या वह्या भरल्या, तोंडी परीक्षेत उत्तरे दिली आणि बहुतेकांनी तो सोडूनही दिला. त्याची कुळकथा मात्र वहीत लिहून घेतली जात नाही. ती छापखान्यातून सुरू होते.

किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० चा. कुंडल रोड स्टेशनाजवळ, औंध संस्थानातल्या ओसाड माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तो उभा केला, आणि दहाच वर्षांनी, १९२० मध्ये, तिथून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. संपादक शंकरराव किर्लोस्कर, वाचकांचे शंवाकि, हे मुळात चित्रकार. १९२९ मध्ये नावातले ‘खबर’ गळून नुसते ‘किर्लोस्कर’ राहिले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आले, १९३४ मध्ये ‘मनोहर’. नांगराचे फाळ ओतणाऱ्या माळावर मराठी मध्यमवर्गाची तीन मासिके जुळवली जात होती.

संस्थानच्या गादीच्या गावी, औंधला, पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकरांचे स्वाध्याय मंडळ वेद छापत होते. सातवळेकरही चित्रकारच. त्यांची ऋग्वेद संहिता हे जुळवणीच्या दृष्टीने अवघड काम होते, कारण वेदाच्या अक्षराला काना-मात्रा-उकारांखेरीज स्वर असतात. अनुदात्ताची आडवी रेघ अक्षराखाली आणि स्वरिताची उभी रेघ अक्षरावर. म्हणजे एकेका ओळीला वर-खाली आणखी दोन मजले. ते खालच्या ओळीच्या मात्रांवर आदळू नयेत एवढे अंतर ठेवायचे, आणि पानही उगाच विरळ दिसू द्यायचे नाही. हे दोन्ही छापखाने एकाच संस्थानातले. पुढे १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निघाला, १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. या वाटणीत किर्लोस्करवाडी सांगलीकडे आली आणि औंध साताऱ्याकडे राहिले.

या छापखान्यांतला जो माणूस लेआउट मॅनेजरचा पूर्वज ठरतो, त्याला मराठीत जुळारी म्हणतात. त्याच्यासमोर घराघरांच्या लाकडी केसा, डाव्या हातात लोखंडी स्टिक. स्टिकची रुंदी मासिकाच्या रकान्याएवढी पक्की केलेली. उजवा हात केसमध्ये न बघता फिरतो आणि खिळे एकामागून एक स्टिकमध्ये येतात. डिग्री पद्धतीच्या टाइपात तर अक्षराचा मधला भाग, वरची मात्रा आणि खालचा उकार यांचे तुकडे वेगळे असत, म्हणजे एकच ओळ तीन थरांत रचायची. ओळ भरत आली की खरी कसोटी. शेवटचा शब्द मावत नाही आणि काढला तर बोटभर जागा रिकामी राहते. अक्षरे ताणता येत नाहीत, शिसे आहे ते. मग जुळारी शब्दांमधले बारीक कोरे तुकडे काढतो आणि त्यांच्या जागी थोडे जाड घालतो, प्रत्येक फटीत सारखे, ओळ दोन्ही टोकांना घट्ट टेकेपर्यंत. सैल राहिली तर फर्मा उचलताना खिळे गळून पडतात. छापलेल्या पानावर जे कोरे दिसते तिथेही धातूच असतो. उंचीला कमी म्हणून त्याला शाई लागत नाही, एवढेच.

जुळाऱ्याचे हे ज्ञान संगणकात कुणी नेले याचे उत्तर सुदैवाने नेमके देता येते. अमेरिकेत स्टॅनफर्डला डोनाल्ड क्नुथ यांना १९७७ मध्ये आपल्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफे आली. पहिली आवृत्ती शिशाच्या टाइपात सुबक छापलेली होती, नवी प्रुफे फोटोटाइपसेटिंगची होती आणि ती पाहून ते खट्टू झाले. बाकी कामे बाजूला सारून त्यांनी स्वतःच अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम लिहायला घेतला, तो ‘टेक’. त्याच्या मुळाशी दोनच कल्पना आहेत. अक्षर, शब्द, ओळ, पान, सगळ्या चौकटी, एकीत एक बसणाऱ्या. आणि चौकटींच्या मधे जे असते ते ‘ग्लू’, डिंक. या डिंकाला स्वतःची एक जाडी असते आणि त्याशिवाय तो किती ताणला जाईल आणि किती आवळला जाईल याचे आकडे असतात. जुळाऱ्याच्या कोऱ्या तुकड्यांचे हे गणित झाले. डिंक ताणला जातो का, असा कुणालाही प्रश्न पडेल. क्नुथना तो स्वतःलाच पडला होता. याला खरे तर स्प्रिंग म्हणायला हवे होते, पण आधीचे नाव चिकटून राहिले, अशी कबुली त्यांनी आपल्या पुस्तकात देऊन टाकली आहे.

त्याच स्टॅनफर्डमध्ये, ऐंशीच्या दशकात, मार्क लिंटन, पॉल काल्डर आणि जॉन व्लिसिडिस यांनी ‘इंटरव्ह्यूज’ नावाचे साधन सी-प्लस-प्लसमध्ये लिहिले. खिडक्या आणि बटणे रचण्यासाठीचे हे साधन, आणि त्यात सरळ सरळ बॉक्स होते, आडवे आणि उभे, आणि त्यांच्यामधे ग्लू होता. क्नुथचा डिंक पानावरून उचलून पडद्यावर लावला होता. ‘रद्द करा’ हे बटण खिडकीच्या उजव्या टोकाला हवे असेल तर त्याच्या डावीकडे ताणला जाणारा डिंक घालायचा. खिडकी मोठी केली की डिंक ताणला जातो, बटण कडेला राहते.

व्लिसिडिस पुढे आणखी तिघांबरोबर ‘डिझाइन पॅटर्न्स’ या पुस्तकाचे लेखक झाले. १९९४ मध्ये आलेले हे पुस्तक पुढे इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमांत ठाण मांडून बसले. त्यातल्या ‘स्ट्रॅटेजी’ या प्रकरणाचे उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. मजकूर सांभाळणारी एक वस्तू आणि त्या मजकुराच्या ओळी कुठे तोडायच्या हे ठरवणारी दुसरी वस्तू. दुसरी बदलली की त्याच मजकुराची जुळणी बदलते, पहिलीला हात लावावा लागत नाही. साध्या पद्धतीची एक, टेकच्या पद्धतीची एक, एका ओळीत ठरावीक संख्येने चित्रे बसवणारी एक. या दुसऱ्या वस्तूला लेखकांनी नाव दिले ते ‘कंपोझिटर’. म्हणजे जुळारीच. जावाचा लेआउट मॅनेजर हा याच प्रकरणाचा धडधडीत नमुना. खिडकीने आपल्यातल्या वस्तू सांभाळायच्या, त्या कुठे बसतील हे ठरवण्यासाठी एक जुळारी कामावर ठेवायचा, आणि नाही पटला तर खिडकीला धक्का न लावता दुसरा नेमायचा.

मिरजेच्या पत्र्याचे काय झाले म्हणाल, तर तो याच सुमारास मोठ्या दिमाखात परतला. १९९१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे व्हिज्युअल बेसिक आले. फॉर्मवर बटण माउसने ओढून ठेवायचे, झाले. आत त्याची नोंद डावीकडून किती, वरून किती, रुंदी आणि उंची किती अशी चार आकड्यांत होई. माप ‘ट्विप’चे, एका इंचात १४४०. हे मापही छापखान्यातलेच, छपाईच्या पॉइंटचा विसावा भाग. छोट्या कचेऱ्या, दुकाने आणि पतसंस्थांसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला याहून सुखाचे साधन नव्हते, आणि त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. कचेरीत पडदे एकाच मापाचे, भाषा इंग्रजी, फॉर्म छापील पावतीवरून उतरवलेला. तांब्याचा पत्रा अशा कामाला उत्तम. रडकथा सुरू होई ती कुणी मोठा मॉनिटर आणला, किंवा डोळ्यांना त्रास होतो म्हणून विंडोजमध्ये मोठा फॉन्ट निवडला, की. खिडकी मोठी होई, रकाने वरच्या डाव्या कोपऱ्यात दाटीवाटीने बसलेले आणि उरलेले राखाडी रान मोकळे. ते टाळायचे तर आकार बदलल्यावर प्रत्येक वस्तू कुठे सरकेल याचा हिशेब प्रोग्रॅमरने हाताने लिहायचा.

युनिक्सच्या बाजूला मात्र जुळाऱ्यांची परंपरा चालू होती. १९८७ च्या एक्स विंडोच्या अकराव्या आवृत्तीसोबतच्या साधनपेटीत मोठी वस्तू आपल्या पोटातल्या लहान वस्तूंची जागा ठरवी, आणि लहानीला मोठे व्हायचे असेल तर आधी मोठीला विचारावे लागे. मोठी ‘हो’ म्हणेल, ‘नाही’ म्हणेल किंवा ‘एवढे नको, इतके घे’ असे मधले काही सुचवेल. एकत्र कुटुंबातल्या खोल्यांच्या वाटपासारखेच. बर्कलीत जॉन औस्टरहौट यांनी टीके ही खिडक्यांची साधनपेटी लिहिली, तीत ‘पॅक’ नावाची एक सुटसुटीत आज्ञा होती. मोकळ्या जागेच्या एका कडेला वस्तू चिकटवायची, उरलेल्या जागेच्या कुठल्याही कडेला पुढची, असे करत खिडकी भरायची.

जावाची गोष्ट वेगळी, कारण तिला पत्र्याचा मार्गच बंद होता. सन मायक्रोसिस्टिम्सने मे १९९५ मध्ये भाषा जाहीर केली आणि जानेवारी १९९६ मध्ये तिची पहिली आवृत्ती दिली, ती एकाच वचनावर. प्रोग्रॅम एकदा लिहा, कुठल्याही यंत्रावर चालवा. तिच्यासोबतची खिडक्यांची साधनपेटी, एडब्ल्यूटी, घाईत तयार झालेली. तिने स्वतः बटण काढायचे नाही असे ठरवले होते. जावात ‘बटण’ म्हटले की विंडोजवर विंडोजचे, मॅकवर मॅकचे आणि सोलॅरिसवर मोटिफचे खरेखुरे बटण मागवले जाई. तिन्हींची उंची वेगळी, कडा वेगळ्या, अक्षरे वेगळी. आता सांगा, बटणाची रुंदी ८० ठिपके असे कोरून ठेवणारा प्रोग्रॅमर कुठल्या यंत्राच्या भरवशावर कोरणार? म्हणून पहिल्याच आवृत्तीत पाच जुळारी आले. फ्लो, बॉर्डर, ग्रिड, कार्ड आणि ग्रिडबॅग. प्रत्येक वस्तूला जुळारी विचारी की तुला किती जागा आवडेल आणि किमान कितीत भागेल. मग खिडकीची खरी जागा पाहून वाटप करी. खिडकीचा कोपरा ओढला की वाटप पुन्हा.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या अखत्यारीत कोल्हापूर, सांगली आणि सातारा असे तीन जिल्हे येतात. सांगलीचे वालचंद कॉलेज १९४७ पासूनचे, कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चे, साखराळ्याचे राजारामबापू इन्स्टिट्यूट १९८३ चे. मिरज आणि कऱ्हाडची शासकीय तंत्रनिकेतने तंत्रशिक्षण मंडळाच्या अभ्यासक्रमावर चालतात, आणि लेआउट मॅनेजर सगळ्यात बारीक तपशिलात सापडे तो त्या डिप्लोमाच्या अभ्यासक्रमात. मंडळाच्या ‘आय स्कीम’मधल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड जावा प्रोग्रॅमिंग’ (विषय क्रमांक २२५१७) या विषयाची सुरुवातच एडब्ल्यूटीपासून होई. प्रॅक्टिकलमध्ये ग्रिडलेआउट वापरून साधा कॅल्क्युलेटर करायचा आणि कार्डलेआउट वापरून पत्त्यांच्या कॅटासारखी दोन थरांची खिडकी. ती दुसरी, ऑपरेटिंग सिस्टिम निवडण्याची, हर्बर्ट शिल्ट यांच्या जावावरच्या जाडजूड पुस्तकातली. मिरजेच्या मुलाने काय आणि गडचिरोलीच्या मुलीने काय, तीच खिडकी केली.

बॉर्डरलेआउट मराठी घरात समजवायला पाच मिनिटेही लागत नाहीत, कारण ताट वाढायची रीत तीच आहे. वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटी, मधली जागा भाताला आणि पोळीला. ताट लहान मुलाचे असो की जावयाचे, चटणी उजवीकडे जात नाही, आणि ताट मोठे घेतले तर वाढतो तो मधला ऐवज. बॉर्डरलेआउटला उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम आणि मध्य अशा पाच जागा. वरची आणि खालची वस्तू आपल्या हव्या त्या उंचीची राहते, डावी-उजवी आपल्या रुंदीची, आणि उरलेले सगळे मधलीच्या पदरात. तोंडी परीक्षेचा ठरलेला प्रश्नही यातूनच निघतो. फ्रेममध्ये दोन बटणे टाकली, दिशा सांगितली नाही, तर पडद्यावर किती दिसतील? एकच, नंतर टाकलेले. दिशा न सांगितलेली प्रत्येक वस्तू मध्यभागी जाते. वाटीवर वाटी.

फ्लोलेआउट म्हणजे पंगत. एक रांग भरली की पुढचा पाहुणा दुसऱ्या रांगेत. ग्रिडलेआउट मात्र कडक शिस्तीचा. चार ओळी, चार रकाने म्हटले की सोळा घरे, सगळी एका मापाची. कॅल्क्युलेटरचे प्रॅक्टिकल त्याला देण्यात अभ्यासक्रम करणाऱ्यांची सोय होती, पण खऱ्या कॅल्क्युलेटरवरचे शून्य बहुधा दोन घरांएवढे लांब असते आणि ग्रिडलेआउटमध्ये ते होत नाही. ज्या मुलाला ते खुपले त्याची गाठ ग्रिडबॅगलेआउटशी पडली.

ग्रिडबॅगची ख्याती जगभर आहे आणि ती चांगली नाही. प्रत्येक वस्तूसोबत अटींचा एक फॉर्म भरून द्यायचा. त्यात अकरा रकाने. कितव्या रकान्यात, कितव्या ओळीत, किती घरे अडवायची, उरलेली जागा ताणून भरायची का, नसेल तर कुठल्या बाजूला टेकायचे, कडेला किती सोडायचे आणि उरलेल्या जागेतला वाटा मागण्यासाठी ‘वजन’ किती. वजन मुळात शून्य असते. ते भरायला विसरले की सगळी मंडळी खिडकीच्या मध्यभागी गोळा होऊन उभी राहतात, पावसात एका छत्रीखाली उभे राहावे तशी. त्यावर इलाज म्हणून पुष्कळांनी पत्करलेली पळवाट प्रत्येक वर्गात कुणीतरी शोधून काढी. लेआउट ‘नल’ करायचा आणि आकडे हाताने द्यायचे. जुळाऱ्याला घरी पाठवून पत्रा कोरायला बसायचे. लॅबमधल्या एका मशिनवर, एका दिवशी, परीक्षकासमोर ते बिनचूक चालते. गुणही मिळतात.

जावावाल्यांनी पुढे दहा वर्षे हे दुखणे काढले. डिसेंबर १९९८ मध्ये दुसऱ्या मोठ्या आवृत्तीत स्विंग आले. त्याने बटणे स्वतःच रंगवायला घेतली आणि सोबत बॉक्सलेआउट आणला, आडवा किंवा उभा, आणि मधल्या जागेसाठी ‘क्रिएट-ग्लू’ नावाची सोय. क्नुथचा डिंक इथे तिसऱ्या पिढीत पोचला. २००२ मध्ये १.४ आवृत्तीत स्प्रिंगलेआउट आला. क्नुथने सुचवलेले नाव अखेर लागले खरे, पण भलत्याच पोराला. हा जुळारी मुळी माणसाने हाताने वापरावा म्हणून केलेलाच नव्हता, खिडकी चित्रासारखी काढून देणाऱ्या साधनांसाठी होता. ते काम खरे जमले प्रागच्या नेटबीन्सवाल्यांना. १९९६ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून जन्मलेल्या नेटबीन्सने ‘मातिस’ नावाचे साधन दिले. व्हिज्युअल बेसिकसारखे बटण ओढून ठेवायचे. पण ते नोंद आकड्यांची करत नाही, ‘हे त्याच्या उजवीकडे, याच्या तळाशी समपातळीत’ अशा नात्यांची करते. त्यामागचा ग्रुपलेआउट डिसेंबर २००६ च्या जावा ६ मध्ये रीतसर दाखल झाला. पत्र्याची सुखसोय आणि खिळ्यांची लवचीकता एका जागी आली ती तेव्हा. ॲपलने २०११ मध्ये, आणि वेबपानांच्या ग्रिडने त्यानंतर, हीच दिशा धरली. त्या कथा इथे लांबवण्याचे कारण नाही.

मराठी वाचकाला या सगळ्याशी कर्तव्य पडते ते खिडकी मराठीत आली तेव्हापासून. इंग्रजीत ‘ओके’ दोन अक्षरांचे, मराठीत ‘ठीक आहे’. ‘सेव्ह’चे ‘जतन करा’. ८० ठिपक्यांत कोरलेल्या बटणावर शेवटचा ‘रा’ मावत नाही. उंचीची गोष्ट त्याहून वाईट. इंग्रजी अक्षराच्या मापाने ठेवलेल्या पट्टीत मराठी ओळीचे तिन्ही मजले बसत नाहीत. ‘नाव’ नीट दिसते, ‘पूर्ण’चा दीर्घ ऊकार तळाशी कापला जातो आणि डोक्यावरचा रफार वरच्या कडेला घासतो. पुण्यात सी-डॅकच्या जिस्ट गटाने १९८८ पासून भारतीय लिप्या संगणकावर आणायचे काम उभे केले. बाजारात श्रीलिपी होती, कचेऱ्यांत योगेश फॉन्ट होता. फॉन्ट मिळाले तरी इंग्रजी मापाचे फॉर्म तसेच राहिले, आणि उकार कापलेल्या पट्ट्या मराठी माणसाने वर्षानुवर्षे निमूटपणे वाचल्या. विंडोज २००० ने युनिकोड मराठी आणली, तिचा मंगल फॉन्ट चांगलाच उंच. जावाच्या १.४ आवृत्तीपासून स्विंगच्या खिडक्यांत देवनागरी नीट उमटू लागली. ज्यांनी ग्रिडबॅगची अकरा कलमे रडतखडत का होईना भरली होती, त्यांच्या खिडक्यांना याचा त्रास झाला नाही. अक्षरे उंच झाली, जुळाऱ्याने विचारले, वस्तूने नवी उंची सांगितली, ओळी खाली सरकल्या. औंधला स्वरांच्या रेघांसाठी ओळीओळींत जे अंतर मोजून सोडावे लागे, त्याचा हिशेब आता खिडकी उघडताना आपोआप होत होता.

हे तपासून पाहण्याची सर्वात सोपी जागा म्हणजे तालुक्यांची यादी. सांगली जिल्ह्यात दहा तालुके, साताऱ्यात अकरा. रहिवाशाने आपला तालुका निवडावा म्हणून फॉर्मवर एक उघडणारी यादी ठेवायची. पत्रा कोरणारा ‘मिरज’ लिहून पाहतो, छान बसले म्हणून रुंदी पक्की करतो, आणि मग ‘कवठे महांकाळ’ निवडणाऱ्याला ‘कवठे महां’ एवढेच दिसते. स्विंगमधली यादी स्वतःची रुंदी कुणाला विचारत नाही. ती आपल्यातली सगळी नावे एकेक करून मोजते, सर्वात लांब कोणते ते पाहते आणि तेवढी जागा जुळाऱ्याकडे मागते. साताऱ्याच्या यादीत ती रुंदी महाबळेश्वर ठरवतो, सांगलीच्या यादीत कवठे महांकाळ. वाई किंवा जत निवडले की अर्धीअधिक जागा कोरी राहते.